लग्नं जमवणारी, संसार करणारा आणि आयरीनचा दगड

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभा राहून पावाला लोणी लावत होतो. नर्सबाईंनी आधी माझं नाव विचारलं, मग म्हणाल्या, "मिस्टर हॅकेट, जरा खुर्चीवर बसता का?" फोनवर कुणी खुर्चीवर बसायला सांगितलं की पुढचं ऐकायची गरज उरत नाही. तरी मी ऐकून घेतलं. फोन ठेवला आणि उरलेल्या पावाला लोणी लावलं, कारण सुरी हातातच होती.

मग मुलांना कळवलं. मुलगी जेम्मा लंडनच्या एका इन्व्हेस्टमेंट बँकेत आहे. मुलगा क्रेग तिच्या ऑफिसपासून दोन रस्ते पलीकडे एका ॲसेट मॅनेजमेंट कंपनीत आहे. दोघंही टॅक्सी करून हॉस्पिटलात आले. जेम्मा टॅक्सीतून उतरली तोवर तिनं अंत्यविधीवाले ठरवले होते, चर्चची वेळ घेतली होती आणि सँडविचं कशाची ठेवायची हेही पक्कं केलं होतं. क्रेगनं डॉक्टरांना एका कोपऱ्यात घेतलं आणि इतके प्रश्न विचारले की डॉक्टर भिंतीला टेकले. मग तो माझ्याकडे आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "डॅड, आज आपण काहीच ठरवायला नको."

"सगळं ठरलंय," जेम्मा म्हणाली.

"तेच म्हणतोय मी," क्रेग म्हणाला.

मी आयरीनच्या, माझ्या बायकोच्या, सपाता पिशवीत घालून उभा होतो. माझ्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. त्याबद्दल तक्रार नाही. पुढे वर्षभर काय होणार आहे ते त्याच दिवशी मला दिसायला हवं होतं, पण अशा दिवशी माणूस पुढचं बघत नाही.

आता या दोन नोकऱ्यांत फरक काय, हे सांगायला हवं. मी जन्मभर एसेक्समधल्या आमच्या डेपोत बसची इंजिनं दुरुस्त केली. शेजारची बेरिल विचारायची, "लेन, तुझी दोन्ही पोरं बँकेतच ना?" मी म्हणायचो, "हो, बँकेतच." क्रेगनं ऐकलं तर त्याचा चेहरा पडायचा. "डॅड, मी बँकेत नाही." मग तो समजावून सांगायचा, आणि मी इंजिन ऐकावं तसं कान देऊन ऐकायचो, पण बिघाड कुठे आहे ते कळायचं नाही.

आयरीनला मात्र कळलं होतं. ती शाळेच्या भटारखान्यात जेवण वाढायची, तिला माणसं लवकर कळायची. ती म्हणायची, "अहो, सोपं आहे. जेम्मा कंपन्यांची लग्नं जमवते. स्थळं आणायची, दोन्हीकडे गोड बोलायचं, घासाघीस करायची, रात्रीचा दिवस करायचा. एकदा वाजंत्री वाजली की बिदागी घ्यायची आणि दुसऱ्या मांडवात जायचं. पुढे नवरा-बायकोचं पटतंय की नाही हे बघायला ती थांबत नाही. क्रेग संसार करतो. लोकांच्या पेन्शनचा पैसा त्याच्याकडे असतो. तो पैसा तो कंपन्यांत घालतो आणि मग वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर राहतो. कंपनी घोरते का, दारू पिते का, म्हातारपणी सांभाळील का, हेच बघत बसतो."

म्हणून जेम्माच्या डोळ्यांखाली काळं असायचं, आणि क्रेग सहाला घरी जाऊन पुस्तक वाचायचा. जेम्मा म्हणायची, हा दिवसभर काही करत नाही. क्रेग म्हणायचा, काही न करणं हेच माझं काम आहे, आणि ते फार अवघड आहे. मला वाटतं दोघांचंही खरं असावं.

आणखी एक भानगड होती. कुठली कंपनी विकायला निघालीय हे जेम्माला आधी कळायचं, आणि क्रेग त्याच कंपन्यांचे शेअर घ्यायचा. जेवताना तिच्या तोंडून एखादं नाव निसटलं आणि सोमवारी क्रेगनं तो शेअर घेतला, तर दोघांची नोकरी जायची, वर तुरुंगही. त्यामुळे रविवारी आमच्याकडे बीफ आणि यॉर्कशायर पुडिंग खाताना सख्खी भावंडं एकमेकांशी फक्त हवामानावर बोलायची. बाकीचं सगळं आयरीन बोलायची. बेरिलचं कुंपण, चर्चची जत्रा, कुणाचा गुडघा. ती गेल्यावर आमच्या टेबलावर काट्याचमच्यांचाच आवाज राहिला.

असो. मूळ गोष्ट दगडाची आहे.

आमच्या चर्चच्या आवारात पुरल्यावर लगेच दगड लावू देत नाहीत. माती बसावी लागते. तोवर अंत्यविधीवाले एक लाकडी क्रूस देतात, त्यावर नावाची पट्टी असते. आयरीननं आजारपणात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. तिच्या आईच्या कबरीवर कितीतरी वर्षं दगडच लागला नव्हता, आज लावू, उद्या लावू करत. आयरीन म्हणाली होती, "मला तसं ठेवू नका हं. वर्षाच्या आत माझं नाव लागू दे." मी म्हणालो, "लागेल." एवढंच आमचं बोलणं झालं.

म्हणून माती बसल्यावर एका रविवारी मी बटाटे वाढता वाढता म्हणालो, "आईच्या दगडाचं बघायला हवं."

"मी बघते," जेम्मा म्हणाली.

"मी बघतो," क्रेग म्हणाला.

मला बरं वाटलं. माझं चुकलंच. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो ही म्हण म्हाताऱ्यांनी उगीच केलेली नाही.

पुढच्या रविवारी जेम्मा एक बाइंड केलेलं पुस्तक घेऊन आली. जाड कागद, रंगीत आलेख. मुखपृष्ठावर लिहिलं होतं, 'प्रोजेक्ट मॅग्नोलिया. अत्यंत गोपनीय.'

"मॅग्नोलिया कोण?" मी विचारलं.

"आई," ती म्हणाली. "डॅड, कुठल्याही व्यवहाराला आम्ही खरं नाव देत नाही. टोपणनाव ठेवतो. म्हणजे बाहेर फुटत नाही."

"तुझ्या आईला मॅग्नोलियाचा राग होता. पाकळ्यांवरून पाय घसरतो म्हणायची."

"ते कंप्युटर निवडतो, डॅड."

मी पुस्तक उघडलं. एका पानावर आयरीनच्या आजूबाजूच्या कबरींची तुलना होती. डावीकडचे व्हिटलॉक, त्यांचा दगड किती उंच, अक्षरं किती ठळक, रस्त्यावरून किती दिसतात. मागची मिसेस प्रॉबर्ट, दगड चांगला पण शेवाळ्यामुळे घसरण. शेवटी निष्कर्ष होता की बाजारात आयरीनची स्थिती भक्कम आहे. ते वाचून मला थोडा अभिमान वाटला, मग अभिमान वाटल्याची लाज वाटली.

जेम्माची योजना अशी: आमच्या भागातल्या तीन पाथरवटांना कागद पाठवायचे, त्यांच्यात चढाओढ लावायची, शुक्रवारपर्यंत बोली मागवायची, एकाला निवडायचं, सही, संपलं. तिनं पाठवलेला कागद मी नंतर पाहिला. 'एसेक्समधील एका प्रतिष्ठित, शांत ग्राहकासाठी दीर्घकालीन कामाची संधी. नाव गोपनीयतेचा करार केल्यावर कळवले जाईल.'

तिला एक गोष्ट ठाऊक नव्हती. ते तिन्ही पाथरवट चुलतभाऊ होते. तिघंही पर्किस. तिघंही संध्याकाळी एकाच पबात, एकाच बाकावर बसायचे. त्यांनी तिन्ही कागद बिअरच्या ग्लासांखाली शेजारी शेजारी ठेवले आणि कुणीतरी लॉर्ड मेला असावा असं ठरवलं. गावात दोन दिवस तीच चर्चा. बेरिलचा नवरा टेरी धावत मला सांगायला आला, "लेन, कोण गेलंय माहितीय? फार मोठं माणूस आहे. नावसुद्धा सांगत नाहीत."

मी म्हणालो, "आयरीन आहे ती."

टेरीनं टोपी काढली. मग पुन्हा घातली. "मला आधी विचारायचंस ना," तो म्हणाला. "माझ्या मेव्हण्याच्या कबरीला मी स्वतः सिमेंटचा दगड ओतून दिला होता."

"आता कसा आहे?"

"कलला जरा. पबाच्या बाजूला कललाय, त्यामुळे कुणी काही म्हणत नाही."

तिघांतला थोरला पर्किस दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आला. धुळीनं पांढऱ्या झालेल्या भुवया, हातात जेम्माचा कागद. "मिस्टर हॅकेट, तुमच्या मुलीला एवढंच विचारा. नाव गुपित ठेवायचं आणि तेच दगडावर कोरायचं, हे दोन्ही मी कसं जमवू?" त्यानं कागद घडी घालून माझ्या हातात दिला. "आम्ही भाऊ आहोत. आमच्यात चढाओढ लागत नाही, भांडण लागतं. ज्याला काम द्यायचं त्याला द्या, पण रांगेत उभं करू नका."

मी जेम्माला सांगितलं. ती म्हणाली, "डॅड, हे त्यांचं घासाघिशीचं नाटक आहे."

"नाही गं. तो खरंच दुखावला."

"मग मी किंमत वाढवून देते."

क्रेगचं दुसरीकडे सुरू होतं. तो शनिवारी चर्चच्या आवारात यायचा, गुडघ्यांवर बसायचा आणि जुन्या कबरींवरून हात फिरवायचा. दोनशे वर्षांपूर्वीची अक्षरं कुठल्या दगडावर टिकली, कुठल्यावर झिजली, ते बघायचा. चुनखडी गेली, संगमरवराला डाग, वाळूचा दगड पापुद्रे काढतो. पाटीचा दगड टिकतो. मग तो वेल्समधल्या एका खाणीत गेला. खाणवाल्याला त्यानं विचारलं, तुमच्यानंतर खाण कोण चालवणार? कामगारांना रजा किती देता? खाणीचं पाणी कुठे सोडता? खाणवाला म्हणाला, "साहेब, तुम्हाला एक दगड हवाय ना?" क्रेग म्हणाला, "हो. पण मी तो कायमचा घेणार आहे."

त्यानं एक समितीही नेमली. मी, तो आणि त्याची बायको. पहिल्या बैठकीत ठरलं की घाईनं काही ठरवू नये. दुसऱ्या बैठकीत पहिल्या बैठकीचा निर्णय वाचून कायम केला. मी विचारलं, "क्रेग, दगड कधी लागेल?"

"डॅड, एक हिवाळा जाऊ दे. माती नीट बसू दे. आईला तिथं दोनशे वर्षं राहायचंय."

"मला तेवढी वर्षं नाहीत रे."

त्यानं वही मिटली. मग म्हणाला, "म्हणूनच घाई नको म्हणतो." याचा अर्थ काय ते मी अजून शोधतोय.

मधे व्हिकरबाई, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरू, होत्या. आमच्या व्हिकर चांगल्या बाई आहेत, पण त्यांच्याकडे नियमांची पुस्तिका आहे. चकचकीत काळा दगड नको. हृदयाचा आकार नको. फोटो नको. सोनेरी अक्षरं नकोत. जेम्माला नेमका चकचकीत काळा दगड हवा होता, कारण तिच्या पुस्तकात तो सगळ्यांत ठळक दिसत होता. व्हिकरबाई म्हणाल्या, "ती परवानगी माझ्या हातात नाही. त्यासाठी बिशपांच्या न्यायाधीशाकडे अर्ज करावा लागेल, आणि नोटीस चर्चच्या दारावर लावावी लागेल. कुणाला हरकत असेल तर ते सांगतील."

बाहेर आल्यावर जेम्मा माझ्या कानात म्हणाली, "डॅड, ही बाई शेवटी कुठवर खाली येईल असं वाटतं?"

"ती बाई नाही, व्हिकर आहे. ती खाली येत नाही. वर बघते."

नोटीस दारावर लागली. हरकत आली. हरकत घेणारा एकच होता, क्रेग. आपल्या आईच्या दगडाविरुद्ध त्यानं रीतसर पत्र दिलं. म्हणाला, "मी हिस्सेदार आहे. मला मत आहे." बेरिलनं तेवढ्यात सुचवलं की दगडावर रॉबिन पक्षी कोरावा, लाल छातीचा, तिच्या बहिणीच्या दगडावर आहे तसा. मी म्हणालो, आयरीनला पक्षी आवडत नव्हते. बेरिल म्हणाली, "आता तिला कुठे कळणार आहे?" त्यावर मी घरात गेलो आणि दार लावून घेतलं. बेरिलनं संध्याकाळी ॲपल पाय भाजून आणून दिला, म्हणजे भांडण मिटलं. सफरचंदं आंबट होती.

इथवर जे झालं ते कुठल्याही घरात झालं असतं, असं कुणी म्हणेल. पुढचं मात्र याच दोन धंद्यांतल्या माणसांच्या घरात होऊ शकतं.

क्रेगनं हरकत मागे घ्यावी म्हणून जेम्मानं त्याला मेल पाठवला. तिच्या ऑफिसच्या कंप्युटरवरून, त्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर. त्यात लिहिलं होतं: 'मॅग्नोलियाच्या अंतिम बोली शुक्रवारी. तू आत्ता आडवा आलास तर सगळं फिसकटेल. कुणाला बोलू नकोस. हा मेल पुसून टाक.'

आता बँकांत एक खातं असतं, कंप्लायन्स. इतर सगळे नियमानं वागतात की नाही हे बघणं एवढंच त्याचं काम. त्यांचा कंप्युटर सगळे मेल वाचतो. त्यानं हा वाचला आणि घंटा वाजवली. बँकेतली बाई, दुसऱ्या कंपनीत शेअर घेणारा तिचा सख्खा भाऊ, गुप्त व्यवहार, आणि वर 'पुसून टाक.' बँकेनं आपल्या यादीत मॅग्नोलिया शोधलं. यादीत मॅग्नोलिया नव्हतं. म्हणजे अधिकच वाईट. क्रेगच्या कंपनीतही तशीच घंटा वाजली होती. त्यांनी मॅग्नोलियाला निषिद्ध यादीत घातलं. चौकशी होईपर्यंत क्रेगनं मॅग्नोलियाशी कसलाही व्यवहार करायचा नाही, त्याबद्दल बोलायचं नाही, ऐकायचंही नाही. जेम्मालाही भावाशी त्याबद्दल बोलायची बंदी झाली.

जेम्मानं त्यांना खरं सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही. आईच्या दगडाचं चाळीस पानी पुस्तक कोण करतं? मग त्यांनी मला फोन केला. बाई फार नम्र होत्या.

"मिस्टर हॅकेट, मॅग्नोलिया म्हणजे कोण, सांगू शकाल?"

"माझी बायको."

"त्या शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत का?"

"नाही हो. तिची नोंद कुठंच होत नाहीय, तोच तर घोळ आहे."

"त्यांच्यावर कुणाची मालकी आहे?"

"तिच्यावर कुणाची मालकी चालली नाही कधी."

कागदावर लिहिल्याचा आवाज आला. "या व्यवहाराची माहिती तुम्हाला आधीपासून होती?"

"डॉक्टरांनी दोन महिने आधी सांगितलं होतं."

"आणि तुम्हाला यातून काही फायदा झाला का?"

मी म्हणालो, "नाही, मॅडम. तोटा झाला." पलीकडे लिहिण्याचा आवाज थांबला. त्या म्हणाल्या, "माफ करा, पण मला पुरावा लागेल." आणि माझी बायको कंपनी नव्हती हे सिद्ध करण्यासाठी मी तिच्या मृत्यूचा दाखला शिक्का मारून दोन ऑफिसांना पाठवला. नोंदणी ऑफिसातल्या माणसानं विचारलं, जादा प्रती कशासाठी हव्यात? मी कारण सांगितलं. त्यानं मला पाण्याचा ग्लास दिला.

त्या काळातली रविवारची जेवणं सांगण्यासारखी नाहीत, पण एक सांगतो. जेम्मा माझ्याकडे बघून म्हणाली, "डॅड, त्याला सांगा की थोरला पर्किस तयार झालाय."

क्रेग ताडकन उठला. "डॅड, तिला सांगा मी काही ऐकलं नाही. ऐकलं असेल तर मला सोमवारी लेखी कळवावं लागेल."

"दगडाबद्दल बोलतेय मी! दगडाबद्दल!"

"ला ला ला," असं म्हणत माझा चाळिशी गाठलेला मुलगा कानांत बोटं घालून भांडी घासायला गेला. ताटात अर्धं बीफ तसंच. जेम्मानं माझ्याकडे पाहिलं आणि ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा तिनं फोन बघायला घेतला.

"जेवून घे गं," मी म्हणालो.

"जेवतेय ना डॅड." जेवत नव्हती.

आणि या सगळ्यात लाकडी क्रूस गेला. गवत कापणाऱ्या यंत्राखाली आला. चूक कुणाची नाही, गवत वाढलं होतं, लाकूड कुजलं होतं. नावाची पट्टी कुठे उडाली ते सापडलं नाही. मी व्हिकरबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "लेन, मला फार वाईट वाटतं. पण आता दगडच लागणार असेल तर दुसरा क्रूस कशाला?" आता दगडच लागणार असेल तर! मी मान हलवली आणि घरी आलो.

नाव नाही म्हटल्यावर गोंधळ सुरू झाला. बेरिलनं शेवंतीची फुलं नेली आणि व्हिटलॉकच्या कबरीवर ठेवली. मिसेस व्हिटलॉकनं ती बघितली आणि गावभर विचारत फिरली की माझ्या नवऱ्याला फुलं वाहणारी ही कोण. बेरिल आठवडाभर घराबाहेर पडली नाही. टेरी मात्र खूश होता. म्हणाला, या वयात आपल्या बायकोबद्दल असा संशय येणं म्हणजे मानच आहे.

मी हसलो. मला वाटलं, बेरिलची नजर अधू झालीय. मग एका धुक्याच्या सकाळी मी स्वतः गेलो. माझी एक सवय आहे, तिथं जाऊन तिला घरातलं सांगतो. गॅसचं मीटर बदललं, वरच्या खोलीची खिडकी अडकते, जेम्मा बारीक झालीय, क्रेग दाढी ठेवतोय. सगळं सांगून झालं. मग धुकं हललं आणि मिसेस प्रॉबर्टचा दगड माझ्या डावीकडे दिसला. तो आयरीनच्या सरळ मागे असायला हवा होता. मधल्या काळात शेजारी एक नवी कबर झाली होती, तीही बिननावाची. मी इतका वेळ कुणा दुसऱ्याच माणसाला आमच्या खिडकीबद्दल सांगत होतो.

मी उठलो. आयरीनकडे जाऊन पुन्हा पहिल्यापासून सांगावं, असं वाटलं. पण तेच तेच तोंडातून निघेना.

तिथून तसाच पर्किसच्या शेडमध्ये गेलो. माझे बूट चिखलानं भरले होते. मी म्हणालो, "मिस्टर पर्किस, बोली नाही, समिती नाही. माझ्या बायकोचं नाव लावायचंय. वर्ष संपायला आलंय."

त्यानं छिन्नी खाली ठेवली. "दगड कुठला?"

"कुठलाही."

"कुठलाही लावत नसतात," तो म्हणाला. "पण तुमच्या मुलानं वेल्सवरून जो पाठवलाय तो चांगला आहे. गेल्या आठवड्यात आला. सोबत सतरा प्रश्नांचा कागद होता, तो मी चुलीत घातला."

"आणि भाव?"

"भाव तुमच्या मुलीनं ठरवलाय. पोरगी चिवट आहे. रोज फोन करायची. शेवटी मी कंटाळून हो म्हणालो." त्यानं पुन्हा छिन्नी उचलली. "एकदा फोनवर रडली. भावाबद्दल बोलता बोलता. मी म्हणालो, बाई, एवढं काही महाग नाही."

म्हणजे दगड क्रेगनं बंदीच्या आधीच घेऊन ठेवला होता, व्यवहार जेम्मानं केला होता, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता, कारण दोघांना एकमेकांशी बोलायची बंदी होती. बरोबर त्याच आठवड्यात दोन्ही कंप्लायन्सवाल्यांची पत्रं आली. आयरीन ही कंपनी नव्हती असा निर्णय झाला होता. भावंडांना बोलायची परवानगी मिळाली.

मला वाटलं, सुटलो. पर्किसला घेऊन चर्चच्या आवारात सगळ्यांना बोलावलं. जेम्मानं काळ्या दगडाचा अर्ज सोडून दिल्यावर व्हिकरबाईंनी सही करायला वेळ लावला नाही. पर्किसनं टेप धरली, जागा मोजली. मग बोलायची परवानगी मिळालेली माझी मुलं बोलायला लागली.

"पुढच्या गुरुवारी लावून टाका," जेम्मा म्हणाली. "मिस्टर पर्किस, तारीख पक्की."

"गारठ्यात पाया घालायचा नाही," क्रेग म्हणाला. "वसंतात बघू."

"वर्ष गुरुवारी संपतंय, क्रेग!"

"तारखेनं काय होतं? तू आणि तुझ्या तारखा!"

"तू आणि तुझी वाट बघणं! दोनशे वर्षं! तू जन्मभर वाट बघत बस!"

"तुला फक्त सही हवीय. सही झाली की तू पुढच्या व्यवहारात."

"हो, हवीय मला सही!" जेम्मा ओरडली. व्हिकरबाईंनी वर झाडाकडे पाहिलं. "मला हे संपवायचंय रे! रोज सकाळी उठते आणि हे तसंच असतं! मला हे संपायला हवंय!"

"मला नाही संपवायचं," क्रेग म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. "दगड लागला की मग... मग झालंच ना ते."

पर्किसनं टेप सोडली, ती सर्रकन आत गेली. जेम्मानं नाक पुसलं आणि भावाच्या कोटाची बाही धरली. धरूनच ठेवली. त्यांच्या आईनं मला वर्षानुवर्षं या दोघांच्या नोकऱ्यांतला फरक सांगितला होता. मला तो तिथं, चिखलात उभं राहून कळला. आणि आता तो कळला हे सांगायला घरी कुणी नव्हतं.

पर्किस घसा खाकरून म्हणाला, "गुरुवारचं जमवतो. गारठा नसला तर. आता एवढंच सांगा, शब्द काय घालू?"

जेम्मानं क्रेगकडे पाहिलं. क्रेगनं जेम्माकडे. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

वर्षभरात हे मला कुणी विचारलं नव्हतं. पुस्तकातल्या चाळीस पानांत ते नव्हतं, समितीच्या बैठकांत नव्हतं.

"नाव," मी म्हणालो. "आयरीन मे हॅकेट. जन्म आणि मृत्यू."

"आणि खाली? एक ओळ बसते. नियमात बसते ना, व्हिकर?"

"बसते," व्हिकरबाई म्हणाल्या. "लेन सांगेल ती."

"सांगतो," मी म्हणालो.

घरी आलो. टेबलावर बसलो. बेरिलनं सुचवलं, 'प्रेमळ पत्नी.' टेरीनं सुचवलं, 'शांत झोप.' आयरीन कधी शांत झोपली नाही, पाय हलवायची. जेम्मानं फोनवर तीन पर्याय पाठवले, तिन्ही चांगले. क्रेगनं काही पाठवलं नाही, फक्त विचारलं, "डॅड, सुचतंय का?" मी म्हणालो, सुचेल. मी लिहिलं, खोडलं. जे लिहावं ते दगडापेक्षा लांब होत होतं, आणि आखूड केलं की ते दुसऱ्या कुणाही बाईचं वाटत होतं.

पर्किस थांबतो म्हणाला. सगळे शब्द एकदमच कोरायचे असतात, अर्धं कोरून ठेवत नाहीत. गुरुवार येऊन गेला. गारठा नव्हता.

दगड पर्किसच्या शेडमध्ये भिंतीला टेकून उभा आहे. त्याच्यावर अजून काही कोरलेलं नाही. कबरीवर नाव नाही, आणि ती ओळ मला लिहायची आहे.